पेशंट कोणाला म्हणायचं? : मुक्तांगणची वाटचाल

पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा इतिहास सांगायचा झाला की लोक पु. ल. देशपांड्यांपासून सुरुवात करतात. साहजिकच आहे. महाराष्ट्रात एखाद्या कामाला पु. लं.चा हात लागला की ते तिथूनच सुरू झालं असं आपण धरून चालतो. पण या संस्थेची कुळकथा शोधायची तर पुण्यापासून बरंच पश्चिमेला, 1979 सालात जावं लागतं. त्या वर्षी इराणात क्रांती झाली, पाकिस्तानात झियांच्या राजवटीने अफूवर बंदी घातली आणि वर्ष सरता सरता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. अफूचे जुने रस्ते बंद पडले. पाक-अफगाण सीमेवर अफूचं हेरॉइन करणारे कारखाने उभे राहिले आणि युरोपकडे निघालेल्या मालाला मुंबई सोयीची वाटू लागली. बंदरातून जाणाऱ्या मालाची थोडी सांडलवंड गावात होतेच, तशी याचीही झाली. तपकिरी, कच्ची, भेसळीची ही पूड मुंबईत आणि मग पुण्यात 'गर्द' म्हणून ओळखली जाऊ लागली. सिगारेटच्या पाकिटातली पन्नी, खाली काडी, वर नळी, एवढ्यावर काम भागायचं. सुई टोचायची नसल्यामुळे पोरांना त्यात धोका दिसत नसे.

सरकारने 1985 साली अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा केला. विकणाऱ्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. ओढणाऱ्याचं काय करायचं, हे मात्र कोणालाच धड ठाऊक नव्हतं. पोलिसांच्या लेखी तो गुन्हेगार, शेजाऱ्यांच्या लेखी वाया गेलेला, आईच्या लेखी कोणीतरी करणी केलेला. डॉक्टरांच्या लेखी तो पेशंट असायला हवा होता. पण त्या काळी बहुतेक डॉक्टरांनी गर्दचा पेशंट पाहिलेलाही नव्हता.

डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ म्हणून नोकरीला होत्या. त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांचं लेखन वाचलेल्यांना त्या 'सुनंदा' म्हणून माहीत आहेत. अनिल अवचटही डॉक्टरच, पण दवाखाना न थाटता ते हमाल, विडी कामगार, देवदासी यांच्यात फिरून लिहीत होते. घर अनिताताईंच्या पगारावर चाललं होतं आणि ते तसं चालावं हे दोघांनी मिळून ठरवलेलं होतं. त्या काळातल्या मराठी घरात ही व्यवस्था किती दुर्मीळ होती, हे नव्या वाचकांना मुद्दाम सांगावं लागेल. ओळखीच्या घरातला एक मुलगा गर्दच्या पायी अनिताताईंकडे आला आणि अवचटांच्या डोक्यात हा विषय शिरला. त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने ते अड्ड्यांवर गेले, पोरांशी बोलले, आयांशी बोलले आणि त्यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. अशा मुलांसाठी काही करता येईल का, असं त्यांनी विचारलं आणि आपल्या प्रतिष्ठानातून एक लाख रुपये देऊ केले. 1986 साली लाख ही मोठी रक्कम होती. पण माझ्या मते त्याहून मोलाचं होतं ते देणाऱ्याचं नाव. गर्दुल्ल्यांसाठी पैसे मागायला गेलं तर दार लावून घेणारा समाज पु. लं.चं नाव ऐकून निदान दार उघडून उभा राहायचा.

जागा मिळाली ती येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. पुण्यात एखाद्याला 'येरवड्याला पाठवायला हवं' म्हणणं ही थट्टा असते आणि शिवीही. ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या आसपासच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. व्यसनी मुलगा म्हणजे आधीच घराण्याला डाग, त्यात त्याला वेड्यांच्या इस्पितळात न्यायचं! तरीही 29 ऑगस्ट 1986 रोजी पु. लं.च्या हस्ते केंद्राचं उद्घाटन झालं आणि लोक येऊ लागले. अब्रूची काळजी संपली की माणूस कुठेही जातो. आलेल्या घरांची ती केव्हाच संपली होती.

पहिला प्रश्न शरीराचा होता. गर्द बंद केल्यावर जे होतं त्याला मुक्तांगणात 'टर्की' म्हणतात आणि हा शब्द तिथला स्वयंपाकीसुद्धा सहज वापरतो. जांभयांवर जांभया येतात, नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा राहतो, पोटात मुरडा पडतो, हाडं कोणी पिळतंय असं वाटतं आणि झोप तर येतच नाही. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. आठ-दहा दिवसांत हे ओसरतं. टर्कीने सहसा कोणी मरत नाही, पण त्या तीन दिवसांत मेलो तर बरं असं प्रत्येकाला वाटतं. याच तीन दिवसांच्या भीतीने पोरं वर्षानुवर्षं पुडीमागे धावत असतात. औषधांनी ही कळ बरीच कमी करता येते. औषधांनी न होणारी गोष्ट एकच: समोरच्याला हे सगळं स्वतः भोगून माहीत आहे, हा विश्वास.

तो विश्वास कुठून आणायचा, याला अनिताताईंनी दिलेलं उत्तर हा या संस्थेच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे असं मी मानतो. नशेतून बाहेर पडलेल्या मुलांनाच त्यांनी कामाला घेतलं. वॉर्ड सांभाळायला, नव्या पेशंटजवळ रात्री बसायला, पुढे समुपदेशन करायला. कल्पना अगदीच नवी नव्हती. अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी 1935 साली एका शेअर दलालाने आणि एका शल्यविशारदाने, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांना सावरता सावरता अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (एए) पायवाट पाडली होती आणि 1957 पासून ती भारतातही आली होती. पण एए ही परस्परांना भेटणाऱ्यांची बिरादरी; तिथे पगार नाही, हुद्दा नाही. ज्याच्या हाती घरचे कपाटाची किल्ली देत नव्हते त्याला संस्थेत जबाबदारीची जागा देणं ही वेगळी जोखीम होती. कधी ती अंगाशीही येते. कामावरचा माणूस 'स्लिप' होतो, पुन्हा पेशंट होऊन दाखल होतो, बरा होतो, पुन्हा कामाला लागतो. एरवीच्या नोकरीत हे बसणारं नाही. मुक्तांगणने ते बसवून घेतलं, कारण पुन्हा घसरणं हा या आजाराचाच भाग आहे असं पेशंटला सांगायचं आणि कार्यकर्त्याला मात्र त्याच गोष्टीसाठी काढून टाकायचं, हे दुटप्पी झालं असतं.

उपचार पस्तीस दिवसांचा ठरला. शरीर आठ-दहा दिवसांत साफ होतं, मग उरलेले पंचवीस कशाला, असं नातेवाईक विचारतात. पेशंट तर विचारतोच, तोही रोज. उत्तर दिनक्रमात आहे. पहाटे उठणं, प्रार्थना, योगासनं, झाडलोट, गटचर्चा, स्वतःबद्दल लिहून काढणं, संगीत, पुन्हा गटचर्चा. वर्षानुवर्षं ज्याच्या दिवसाला एकच काम होतं, म्हणजे पुढच्या नशेची सोय, त्याला रिकामा दिवस भरून काढायला पुन्हा शिकावं लागतं. अवचट इथे 'बाबा' होते. जाडाभरडा झब्बा, दाढी, हातात कागद. ओरिगामी शिकवता शिकवता ते पेशंटला बोलतं करत. कागदाची घडी घालताना थरथरणारे हात स्थिर होत जातात, हे औषधाच्या चार्टवर कुठे नोंदलं जात नाही, पण वॉर्डमधल्या सगळ्यांना दिसतं. अनिताताई 'मॅडम' होत्या. अजूनही जुने लोक नुसतं 'मॅडम' म्हणाले की त्या एकट्याच अभिप्रेत असतात.

डॉ. आनंद नाडकर्णी तेव्हा तरुण मनोविकारतज्ज्ञ होते. ठाण्यातली त्यांची स्वतःची संस्था, आयपीएच, 1990 ची. मुक्तांगणशी नातं त्याही आधीचं. अल्बर्ट एलिसचं विवेकनिष्ठ मानसशास्त्र कि. मो. फडके यांनी मराठीत आणलं होतं. नाडकर्णींच्या हाती त्याचा गटचर्चेतला वापर असा: 'बायको टाकून बोलली म्हणून प्यालो' असं कोणी म्हणालं की गट विचारतो, ती बोलली आणि तू प्यालास, या दोन्हींच्या मध्ये तुझ्या मनात काय चाललं होतं? प्रश्न साधा आहे. त्याला खरं उत्तर द्यायला काहींना पस्तीसही दिवस पुरत नाहीत.

संस्था निघाली गर्दसाठी, पण दारात दारूचे पेशंट येऊ लागले आणि बघता बघता तेच जास्त झाले. दारूची गोष्ट दोन्ही बाजूंनी वेगळी. शरीराच्या बाजूने ती अधिक धोक्याची: रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, भिंतीवर किडे दिसतात आणि उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. समाजाच्या बाजूने ती अधिक सोज्वळ. गर्दवाला पोरगा घराबाहेर काढला जातो. दारू पिणारा कर्ता पुरुष घरातच राहतो, हळदीला नाचतो, सोसायटीच्या मीटिंगला अध्यक्ष असतो. त्यामुळे त्याची बायको वीस वर्षं कोणाला काही सांगत नाही.

आणि इथून मुक्तांगणची खरी वाटचाल सुरू होते, असं मला वाटतं. नवऱ्याला दाखल करायला आलेल्या बायका बोलू लागल्या तेव्हा लक्षात आलं की आजारी माणूस एकच नाही. 1980 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या निदानसूचीत आघातोत्तर तणावाचा विकार घातला तो मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. त्याची लक्षणं वाचली आणि मुक्तांगणात येणाऱ्या बाईचं म्हणणं ऐकलं तर फार अंतर दिसत नाही. रात्री साडेनऊनंतर गेटची कडी वाजली की छातीत धडधडतं. पावलांच्या आवाजावरून आज किती प्यालाय ते कळतं. झोप लागली तरी एक कान जागा. पगाराच्या तारखेला सकाळपासून डोकं दुखतं. मार खाल्लेला असो वा नसो. कित्येक घरांत हात कधीच उगारला गेलेला नसतो, तरी घरातली माणसं युद्धभूमीवर असल्यासारखी राहतात.

या बायकांसाठी 'सहचरी' हा आधारगट उभा राहिला. अमेरिकेत एएच्या सभासदांच्या बायकांनी 1951 साली अल-अ‍ॅनॉन काढलं होतं, त्याच्याशी नातं सांगता येईल, पण आपल्याकडची अडचण निराळी होती. इथे बाईच्या मनात आधी हे रुजवावं लागलं की नवऱ्याचं पिणं हा तिच्या सेवेतला कमीपणा नाही. सासू म्हणते लग्न केलं की सुधारेल, आई म्हणते मूल झालं की सुधारेल, आणि मूल झालं की त्याच्याकडे बघून तू सहन कर. उपास, अंगारे, जेवणात नकळत मिसळायच्या पुड्या, सगळं करून झालेलं असतं. त्याच्या वतीने ऑफिसात खोटे फोन करून झालेले असतात. हे खोटे फोन बंद करायला सांगणं, म्हणजे त्याच्या पिण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोचू देणं, हा सहचरीतला सगळ्यात अवघड धडा. ऐकायला तो निष्ठुर वाटतो.

याहून अवघड गोष्ट पुढे येते, आणि तिच्याविषयी फारसं लिहिलं जात नाही. नवरा सोडतो. महिना, सहा महिने, वर्ष. सगळे त्याचं कौतुक करतात, त्याच्या नशामुक्तीचा वाढदिवस होतो, आणि घरी बायको चिडचिडी होते. पंधरा वर्षांत जे मनात दाबलं ते आता, धोका टळल्यावर, वर येतं. शिवाय घर तिने एकटीने चालवलेलं असतं. आता हा शुद्धीवर आलेला माणूस बँकेचं पासबुक मागतो. 'तू प्यायचास तेव्हाच बरा होतास' असं एखादी बोलून जाते आणि स्वतःच दचकते. तो बरा झाला म्हणजे ती बरी झाली असं होत नाही. तिचा वेळ वेगळा, तिचे पस्तीस दिवस वेगळे. हे ओळखून तिच्यासाठी स्वतंत्र जागा ठेवणं, हे काम मला गर्दच्या उपचाराइतकंच मूलभूत वाटतं.

मुलांचं त्याहून उशिरा लक्षात आलं, सगळीकडेच. बालपणीच्या घरगुती आघातांचा आणि मोठेपणीच्या आजारांचा संबंध दाखवणारा फेलिटी आणि अंडा यांचा अमेरिकेतला प्रसिद्ध अभ्यास 1998 चा. दारुड्या बापाची मोठी मुलगी दहाव्या वर्षी धाकट्यांची आई होते आणि शाळेत तिच्या समजूतदारपणाचं बक्षीस मिळवते, हे मात्र अशा कुठल्याही घराच्या शेजाऱ्याला अभ्यासाशिवाय ठाऊक असतं. तिला बोलायला जागा लागते; त्या अभ्यासाने ठामपणे सांगितलं ते एवढंच, की अशा बालपणाची किंमत पुढे शरीरही मोजतं.

दरम्यान अनिताताईंना कर्करोगाने गाठलं. आजारपणातही त्या कामावर येत राहिल्या. फेब्रुवारी 1997 मध्ये त्या गेल्या. महाराष्ट्रातल्या किती संस्था संस्थापकामागे फोटोला हार घालत वाळून गेल्या, याची यादी करायची ही जागा नव्हे. मुक्तांगण वाळलं नाही, त्याचं श्रेय लोक घराण्याला देतात: मुलगी मुक्ता पुणतांबेकर मानसशास्त्र शिकून याच कामात आली आणि पुढे तिने संस्थेची धुरा घेतली, हे खरंच आहे. पण मला वाटतं कारण त्याआधीचं आहे. अनिताताईंनी अधिकार पहिल्यापासून वाटून टाकले होते आणि तेही अशा माणसांना, ज्यांना ही जागा सोडून जाण्यासारखं दुसरं हक्काचं घर नव्हतं. त्या गेल्या त्याच दिवशी वॉर्डात नव्या पेशंटची टर्की थांबणार नव्हती. संस्थेचं शोक करणं आणि संस्थेचं चालू राहणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागल्या. पुढे त्यांच्या नावाने संघर्ष सन्मान पुरस्कार सुरू झाला. तो मिळवणारी माणसं प्रसिद्धीपासून लांबची असतात.

मनोरुग्णालयाच्या आवारातून मुक्तांगण येरवड्यातच आळंदी रोडला, मोहनवाडीत, आपल्या इमारतीत आलं. पत्ता बदलला, येणाऱ्यांचे व्यवसायही बदलत गेले. कारखान्यांनी गैरहजर राहणाऱ्या कामगाराला काढून टाकण्याआधी उपचाराला पाठवणं सुरू केलं. नोकरी टिकण्याची अट असली की माणूस उपचार पुरा करतो, हा रोकडा अनुभव आहे. रात्रपाळीचे कामगार, ट्रकवाले, पोलीस, मग रात्री अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारी आयटीतली मुलं. या सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं: 'टेन्शन असतं हो.' असतंच. बारा तास बंदोबस्तात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या ताणाला कोणी खोटं म्हणू नये. पण शेजारी बसलेला, त्याच ठाण्यातला, त्याच बंदोबस्तातला दुसरा शिपाई का पीत नाही, हा प्रश्न गटात कोणीतरी काढतोच. ताण उतरवायला घेतलेली दारू झोप मोडते, झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचा ताण वाढतो, आणि मग तो वाढलेला ताण उतरवायला पुन्हा दारू. एवढं चक्र फळ्यावर काढून दाखवलं की शिकलेल्या माणसालाही नवल वाटतं, कारण त्याने ते कधी लांबून पाहिलेलंच नसतं.

ताणाबद्दल बोलायचं तर इथल्या कार्यकर्त्यांच्याही ताणाबद्दल बोलायला हवं. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडून आपलीच गोष्ट ऐकायची, आईचं मंगळसूत्र विकल्याची, मुलीची फी उडवल्याची. आणि संध्याकाळी बसमधून घरी जाताना वाटेत चार वाइन शॉप. बरे होऊन गेलेल्यांपैकी कोणी दगावल्याचा फोन येतो तेव्हा तो नुसता पेशंट नसतो, एका खोलीत पस्तीस दिवस काढलेला सोबती असतो. समुपदेशकाने आपलं मन कुठे मोकळं करायचं, हा प्रश्न बहुतेक संस्थांत विचारला जात नाही. इथे तो विचारावाच लागतो, कारण न विचारल्याची किंमत बाटलीच्या रूपाने समोर येते.

बायकांच्या व्यसनासाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तो उशिरा आला आणि अजून तिथली वाट अरुंद आहे. पुरुषाला दाखल करायला बायको येते, भाऊ येतो, कधी सगळी चाळ लोटते. बाईला आणायला अनेकदा फक्त तिची आई येते. घर कोण बघणार म्हणून उपचार अर्धा टाकून तिला परत नेण्याची घाईही घरच्यांनाच असते.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि एका रात्रीत दारूची दुकानं बंद झाली. देशभरातल्या लाखो माणसांची एकाच वेळी टर्की सुरू झाली. मे महिन्यात दुकानं उघडल्यावर लागलेल्या रांगा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या; त्याआधीच्या सहा आठवड्यांत ज्यांना फिट आल्या त्यांच्या घरांपुढे कॅमेरे नव्हते. 27 जानेवारी 2022 रोजी बाबाही गेले. अनिताताईंच्या मागे पंचवीस वर्षं त्यांनी मुक्तांगणात येणं-जाणं, पेशंटशी गप्पा मारणं सोडलं नव्हतं.

आता दारात नवा पेशंट उभा आहे आणि त्याच्यासाठी जुना नियम चालत नाही. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, हातात मोबाइल, खेळ काढून घेतला म्हणून आईवर धावून गेलेला. गर्द असो की दारू, मुक्तांगणने सुरुवातीपासून एकच सांगितलं: पूर्ण बंद, पहिला झुरका, पहिला पेग टाळा, तोही फक्त आजच्या दिवसापुरता. मोबाइल असा पूर्ण बंद करता येत नाही. मुलाची शाळा त्यावर, बापाची नोकरी त्यावर, दाखल करायला आलेली आई खालच्या बाकावर बसून तोच चाळत असते. त्यामुळे 'सोडणं' म्हणजे काय, याची व्याख्या समुपदेशकांना पुन्हा पहिल्यापासून करावी लागते आहे: किती वेळ, कोणत्या खोलीत, कोणासमोर, आणि घरातल्या बाकीच्यांनी आपापले फोन कुठे ठेवायचे. हा शेवटचा भाग ठरवताना बैठकीत आई-बापांची जेवढी कुरकुर होते, तेवढी मुलांची होत नाही.